चौथी बाजू

१

सकाळी साडेनऊला गट ऑफिसचं कुलूप काढायचं, पंखा लावायचा, तो फिरला नाही तर काठीनं ढोसायचा, मग कॉम्प्युटर. तो जागा होईपर्यंत माझा चहा होतो. साखर कारखान्याच्या शेती खात्यात माझी तेहतीस वर्षं गेली. त्यातली शेवटची अकरा या नकाशासमोर. त्याआधी भिंतीवर कागदी नकाशा होता आणि आम्ही त्यात रंगीत टाचण्या टोचायचो. टाचण्या गंजून पडल्या. कागद अजून तिथंच आहे, कारण तो काढला तर मागची ओल दिसेल.

आता सगळं पडद्यावर. कृष्णाकाठची चौदा गावं, आणि उसाचा प्रत्येक प्लॉट म्हणजे एक रंगीत तुकडा. नवी लागण गडद हिरवी, तोडीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा फिकट, तोडीला आलेला पिवळा. तुकड्यावर बाण नेला की मालकाचं नाव, तारीख, गुंठे. मधून मधून निळी टिंबं सरकताना दिसतात ते आमचे चिटबॉय, म्हणजे रानात फिरून उसाची नोंद करणारी माणसं. नावाला बॉय, पण सगळे चाळिशी ओलांडलेले. आणि या सगळ्यांवर मी, आप्पासो. लहानथोर सगळे आप्पाच म्हणतात.

नोंद करायची रीत सोपी आहे. चिटबॉयनं फोन हातात धरून प्लॉटच्या बांधानं चालायचं. दर पाच सेकंदाला फोन एक ठिपका टाकतो. ठिपके जोडून रेघ होते, चार बाजू झाल्या की प्लॉट पूर्ण. मग तो माझ्याकडे येतो आणि मी 'मंजूर' दाबतो.

ही झाली सांगायची रीत. खरं म्हणजे चौथी बाजू कोणी चालत नाही. तीन बाजू रस्त्यानं, पाटानं, वाटेनं होऊन जातात. चौथी असते दोन उसांच्या मधली. बांध नावापुरता, वर दोन्हीकडची पानं मिटलेली, आत भर दुपारी अंधार. बिबट्याची भीती, नाहीतर सापाची, आणि दोन्ही नसले तरी पाती हातपाय कापून काढतात. ॲपमध्ये एक बटण आहे, शेवटचा ठिपका पहिल्याला सरळ जोडून देणारं. तीन बाजू चालायच्या आणि बटण दाबायचं. ही युक्ती माझी. पहिल्यांदा मी ती तौसीफ मुलाणीला शिकवली, मग त्यानं बाकीच्यांना. "पाय वाचलं बघा आप्पा," म्हणाला होता.

कोणाचं काही बिघडलं नाही. एखादा गुंठा इकडं, एखादा तिकडं. निदान मी स्वतःला असंच सांगत आलो.

२

दसरा झाला आणि हेड ऑफिसला राजेश्वरी मॅडम आल्या. वय माझ्या धाकट्या सुनेएवढं, काम मात्र चोख. त्यांचा पहिलाच निरोप असा, की सर्व प्लॉटचे ठिपके नकाशावर दिसतील अशी सोय चालू करा, हंगामाआधी तपासणी आहे. मी निरोप दोनदा वाचला आणि चहा गार झाला.

सोय चालू केली. व्हायचं तेच झालं. प्रत्येक तुकड्याच्या तीन बाजूंना ठिपक्यांची रांग, आणि चौथी बाजू कोरी, पट्टीनं आखलेली. चौदा गावांत माझी चोरी उघडी पडली होती. आठ महिन्यांत निवृत्ती. त्यावेळी मला राग आला तो मॅडमचा नाही, स्वतःचाही नाही, नुसता त्या ठिपक्यांचा.

काय करता येईल ते बघत एकेक प्लॉट मोठा करत बसलो होतो. एकशे चौदा नंबरवर थांबलो. त्याच्या चौथ्या बाजूला ठिपके होते.

दोनशे मीटरची बाजू. माणूस तीन मिनिटांत चालेल, फार तर चाळीस ठिपके पडतील. इथं ते इतके दाट होते की रेघ काळी दिसत होती. मोजायला गेलो तर सहाशेच्या वर. म्हणजे तेवढं अंतर चालायला कोणीतरी जवळजवळ तास घेतला होता. रेघ सरळही नव्हती. मध्येच थोडी बाहेर वाकून परत बांधावर आली होती. तारीख आदल्या दिवसाची, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं ते तीन. प्लॉट तौसीफच्या हद्दीतला, म्हणून नोंद त्याच्या नावावर.

आदल्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी तौसीफ माझ्यासमोर बाकावर बसून डबा खात होता. मी खुर्चीत मान टाकून पेंगत होतो. ही डुलकी माझी रोजची आहे, ती सगळ्या गटाला माहीत आहे.

३

"माझं डोकं फिरलंय व्हय तिकडं जायला?" तौसीफ म्हणाला. "अन् ते बी तासभर? तासभर आत ऱ्हायलो तर बिबट्या दमून निघून जाईल."

मग मी पुण्याच्या कंपनीला फोन लावला, जी ही साइट चालवते. तिथली मुलगी गोड बोलली. ठिपके आपोआप पडत नाहीत सर, म्हणाली, फोन घेऊन कोणीतरी चालावंच लागतं. मी म्हटलं, कोणी चाललं नाही. ती म्हणाली, चाललंय सर, दिसतंय ना.

दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी नंबरला तसेच ठिपके. तिसऱ्या दिवशी दोनशे तीनला. हे प्लॉट एकमेकांच्या जवळ नाहीत, एका मालकाचे नाहीत. मी जुनं सगळं चाळलं. अडाणी नाही मी, कशाचा तरी कशाशी संबंध असतोच. तो सापडला तेव्हा वाटलं, सापडला नसता तर बरं झालं असतं. या सालात तौसीफच्या प्लॉटांवर मी ज्या क्रमानं 'मंजूर' दाबलं होतं, त्याच क्रमानं चौथ्या बाजू चालल्या जात होत्या. रोज एक. दोन दहाला सुरू.

दहाव्या दिवशी ठरवलं, डुलकी घ्यायची नाही. दोन चहा प्यालो, तोंडावर पाणी मारलं. तौसीफ बाकावर आडवा झाला होता, त्याचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. आज ज्याची पाळी होती तो प्लॉट मी पडद्यावर उघडून बसलो. पंखा खडखडत होता. कॉम्प्युटरच्या बॅटरीचा डबा अधूनमधून टुक करत होता.

दोन दहाला कोपऱ्यावर एक ठिपका पडला.

मग दुसरा. निळं टिंब नव्हतं, म्हणजे ओळखीचा कुठला फोन तिथं नव्हता. नुसते ठिपके. पाच सेकंद, एक ठिपका. पाच सेकंद, एक ठिपका. कधी एकाच जागी तीनचार पडायचे, थांबल्यासारखे, आणि पुन्हा पुढं. मी चोरपावलांनी चालणारी माणसं पाहिली आहेत. हे तसं नव्हतं. हे दमलेल्या माणसाचं चालणं होतं, ज्याला काम संपवायचं आहे आणि घाई मुळीच नाही.

शेवटपर्यंत बघितलं असं म्हणालो असतो, पण खोटं कशाला बोलू. मध्येच डोळा लागला. जागा झालो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि रेघ पुरी झाली होती.

४

डोळ्यांनी बघावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळीच एकशे चौदावर गेलो. उजेडात, माणसांच्या वर्दळीत. नदीच्या अंगाला शेवटचं रान. शेजारच्या वाफ्यात साळूबाई कोथिंबीर खुडत होती. सत्तरीची बाई, तीन पोरं फौजेत, स्वतः अजून रानात.

चौथ्या बाजूच्या तोंडाशी उभा राहून आत बघितलं. सोळा महिन्यांचा ऊस, दोन पुरुष उंच. खाली वाळक्या पानांचं पाचट पडलेलं. आणि त्या पाचटातून वाट मळलेली होती. रुंद नाही, एका माणसापुरती. तीसेक पावलांवर बांध ढासळला होता आणि तिथं वाट थोडी बाहेर वाकून परत आत गेली होती. नकाशावरच्या रेघेसारखीच. मी आत गेलो नाही. दोन पावलं टाकली, वारा नसताना वरची पानं सळसळली, आणि मी मागं आलो. वयाप्रमाणं वागावं माणसानं.

"साळूबाई, हितनं कोण जातं येतं का?"

"तुमच्या कारखान्याचंच माणूस की," ती मान वर न करता म्हणाली. "मागल्या आठवड्यात आल्तं. भर उन्हात. म्या हाक मारली, पाणी पिऊन जा म्हटलं. थांबलं न्हाई. वळून बी बघितलं न्हाई."

"कारखान्याचं कशावरनं?"

"हातात फोन धरून बांधानं दुसरं कोण फिरतंय? पर एवढं सावकाश फिरताना कवा कुणाला बघितलं न्हवतं. तुमची माणसं तर तीन बाजू पळत्यात अन् गाडीला किक मारत्यात."

मी हसलो. ती हसली नाही.

५

तेरा प्लॉट झाल्यावर मॅडमच्या नजरेला आलं. त्या थेट गट ऑफिसला आल्या, लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. तौसीफला बोलावून घेतलं.

"मंजुरीनंतर तेरा प्लॉटच्या हद्दी बदलल्यात," त्या म्हणाल्या. "सगळ्या यांच्या नावावर. बाकीचे प्लॉट मी अजून उघडून बघितलेले नाहीत. असं कोणी चालत नाही. घरी बसून पडद्यावर बोटानं रेघ ओढली तर अशी येते. हद्द वाकडी झाली की उद्या दोन शेतकरी माझ्या दारात भांडायला उभे. मुलाणी, खरं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"मॅडम, आईशप्पथ, मी त्या बाजूला पाऊल टाकलं न्हाई," तौसीफ म्हणाला.

"टाकलं नाही म्हणजे? चारही बाजू चालायच्या असतात ना?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मंजूर करताना बघता ना आप्पासाहेब, चारही बाजू चालल्यात का ते?"

इथं मला बोलता आलं असतं. दोन वाक्यं. तीन बाजूंची शिकवण माझी, या माणसाचा दोष नाही. तौसीफची मुलगी शिफा सांगलीला नर्सिंगला आहे, घरात मिळवता तो एकटा. हे मला माहीत होतं आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "हो, बघतो की."

तौसीफनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग फरशीकडे. शिवी दिली असती तर मला हलकं वाटलं असतं.

मॅडमना माणूस वाईट वाटला नसावा. त्या जरा नरमल्या. "ठीक आहे. उद्या एक चौथी बाजू माझ्यासमोर चाला. मी हेड ऑफिसमधून नकाशावर बघते. खरं चालणं कसं दिसतं ते कळू दे. तुमची रेघ नीट आली तर दोष साइटचा मानेन." त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "यात फेरफार न झालेला घेऊ. हा. तीनशे बारा."

क्रमानं उद्या त्याचीच पाळी होती.

"सकाळी ठेवूया, मॅडम," मी म्हणालो. "दुपारी ऊन असतं."

"सकाळी माझी मीटिंग आहे. दोनला."

ते चालणं माझ्या वाट्याचं होतं, हे मला पक्कं कळत होतं. मी जायला हवं होतं. रात्रभर मी तेच घोकत होतो आणि सकाळी उठून रोजच्यासारखं ऑफिसचं कुलूप काढलं.

६

दोन वाजून पाच मिनिटांनी तौसीफचा फोन आला.

"आप्पा, कोपऱ्यावर उभा हाय. बिबट्याला आवाज ऐकू आलेला बरा, म्हणून बोलत ऱ्हातो. तुमी बी बोला."

"बोल. मी पडद्यावर बघतोय तुला."

त्याचं निळं टिंब उगवतीच्या कोपऱ्यात होतं. ते आत सरकू लागलं. कानात पाचटाचा आवाज, त्याचा श्वास. तो शिफाबद्दल सांगत होता, हॉस्टेलच्या जेवणाबद्दल, पोरीनं डाळीत पाणी किती असतं ते मोजून दाखवल्याबद्दल. कालचं काहीच काढलं नाही. मीच काढलं.

"तौसीफ, काल मी बोलायला पायजे हुतं."

"जाऊ द्या की आवं. तुमचं आठ म्हैनं ऱ्हायल्यात."

त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मी ठरवलं, तो बाहेर आला की मॅडमना फोन करायचा आणि सगळं सांगून टाकायचं. बाहेर आला की. तेवढ्यात घड्याळात दोन दहा झाले आणि मावळतीच्या कोपऱ्यात एक ठिपका पडला.

मी पडद्याच्या जवळ गेलो. दुसरा ठिपका. तिसरा. ते तौसीफच्या दिशेनं येत होते. आज सावकाश नव्हते.

"तौसीफ, मागं फीर."

"आँ?"

"मागं फीर म्हणतोय. आल्या वाटंनं बाहेर ये. मॅडमना मी सांगतो."

"आता कुठं मागं, निम्मं झालं की. अन् पुढं वाट चांगली मळलीय, आप्पा. कोणतरी रोज चालतंय हितनं."

"तौसीफ, ऐक माझं. पुढनं कोणतरी येतंय."

पाचटाचा आवाज थांबला. तो थांबला होता. फोनमध्ये दुसरीकडून, लांबून, पाचटाचा आवाज येतच होता. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. पडद्यावर टिंब आणि ठिपके यांत बोटभर अंतर उरलं होतं.

"कोण हाय?" तौसीफनं हाक दिली. आणि मग त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला नुसत्या श्वासावरून कळलं. तो हसत होता.

"काय ओ आप्पा, घाबरवलंसा की मला. पुढनं कोणतरी येतंय म्हणं. तुमीच हायसा की."

"तौसीफ, मी ऑफिसात—"

"ठेवतो फोन. आलासा ते लय बरं केलंसा."

फोन बंद झाला. टिंब आणि ठिपके एकत्र आले. मग दोन्ही सोबत, माणसं गप्पा मारत चालतात तशी, मावळतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. प्लॉट पूर्ण झाला. मी सात वेळा फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. माझी गाडीची किल्ली टेबलावरच होती. मी ती उचलली नाही. पाय हलतच नव्हते, हे कारण की सबब ते मला आजही सांगता येत नाही.

७

चारला तौसीफची गाडी वाजली. मी दारापर्यंत गेलो. हातांवर पातींचे ओरखडे, बाकी माणूस धड. मी त्याच्या खांद्याला हात लावून बघितलं. एवढा आनंद मला नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. मॅडमचा निरोप आधीच आला होता. रेघ नीट आली, मुलाणींचं प्रकरण बंद, साइट दुरुस्तीला टाकू.

मी निरोप वाचून दाखवला. तो बाकावर बसला, घटाघटा पाणी प्यायला. मग माझ्याकडे बघत राहिला.

"फोन का उचलला न्हाईस?"

"आवाज बंद हुता. नाक्यावर च्या प्यालो जरा." तो अजून बघत होता. "तुमी माझ्या आधी कसं पोचलासा?"

"मी हितनं हाललोच न्हाई, तौसीफ."

त्याला ती चेष्टा वाटली. माझ्या तोंडाकडे बघितलं तशी वाटेना. त्यानं खिडकीतून खाली वाकून पाहिलं. माझी गाडी सकाळपासून चिंचेखाली होती, सीटवर पाला पडलेला.

"मग माझ्यासंगं कोपऱ्यापतुर कोण आलं?" तो हळू म्हणाला.

"काय बोललं तुझ्याशी?"

"कायच न्हाई. लय दमल्यासारखं दिसत हुतासा. मीच बडबडत हुतो. कोपऱ्यावर आलो, म्हटलं बसा गाडीवर, सोडतो ऑफिसात." त्यानं पाण्याचा तांब्या बाकावर ठेवला. "तर म्हणालासा, तू हो पुढं. मी येतो चालत."

मी पडद्याकडे वळलो. तीनशे बाराच्या कोपऱ्यातून ठिपके बाहेर पडले होते. उसाच्या तुकड्यांतून नाही, आता रस्त्यानं. नाका, शाळा, दूध डेअरी. जिथं आम्ही कधी काही मोजत नाही अशा पांढऱ्या मोकळ्या जागेतून ते सरळ चालत आले होते, आणि शेवटचा ठिपका आमच्या आवाराच्या फाटकावर होता.

फाटकावर भाऊसो वॉचमन बसतो. त्याच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला, उठल्यासारखा. "या आप्पा," तो म्हणाला. "लय उशीर केलासा आज."

जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. पावलं सावकाश होती. तौसीफ उठून उभा राहिला, साहेब आल्यावर उभा राहतो तसा, आणि तो माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होता. मला भीती वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर तिच्याही आधी मनात आलं ते एवढंच, की उठावं आणि ही खुर्ची त्याला द्यावी. पुष्कळ चाललाय तो.